पाचकोनी बोल्टची तिसरी किल्ली

४ फेब्रुवारी
हॉटेल, काउंटरवरून

मेहुणेबुवा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. एक जण थोडा कमी जिवंत आहे, त्याचीच गंमत सांगतो.

नऊ नंबरच्या खोलीतला टीव्ही गेला. या हिवाळ्यातला हा तिसरा. टेबलावर सगळीकडे धूळ आणि मधोमध टीव्हीच्या मापाची स्वच्छ जागा. त्या सकाळी एक गिऱ्हाईक भली मोठी बॅग घेऊन खाली उतरलं. बुटांच्या कंपनीचा विक्रेता, बॅग उचलताना नुसता कण्हत होता. मी म्हटलं, उघड. तो म्हणतो, तुम्हाला काय अधिकार? अधिकार विचारलास ना, मग बघ. मानगुटीला धरून तोंड काउंटरच्या कडेवर दोनदा आपटलं. दोन दात थेट घंटीशेजारी. बॅग उघडली तर आत नुसते बूट, तेही सगळे डाव्या पायाचे. नमुने म्हणे. हसून हसून पोट दुखलं. त्याच्याकडून खोलीचं भाडं घेतलं नाही, एवढी माणुसकी आहे माझ्यात.

पण टीव्ही गेला तो गेलाच. गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, खोलीत टीव्ही आहे का? नाही म्हटलं की समोरच्या लॉजवर. तू लोखंडातला माणूस, काहीतरी कर. मला वाटतं, टीव्हीच्या मागच्या बाजूला करंट सोडावा. हात लावला की चिकटला, सकाळी येऊन सोडवायचा. कसं वाटतं?

तुझी ताई बरी आहे. त्या विक्रेत्याच्या वेळी उगाच मध्ये आली. नंतर बाथरूममध्ये घसरली, ओठाला टाके पडले. वेंधळी आहे, तुला माहीतच आहे.

तुझा,
भाऊजी


९ फेब्रुवारी
वर्कशॉप

भाऊजी,

करंटचं डोक्यातून काढून टाका. पहिल्याच दिवशी फडकं घेऊन पुसायला जाणारा तुमचा नोकर पोपट जाईल. मग शीळ कोण घालणार आणि झाडू कोण मारणार? मागच्या खेपेला तो सबंध दिवस एकच शीळ घालत होता, अजून डोक्यातून जात नाही.

माझं ऐका. टीव्ही टेबलावर ठेवायचाच नाही. भिंतीत डोक्याच्या वर लोखंडी चौकट, तिला चार बोल्ट: दोन खालून, दोन बाजूंनी. बोल्ट साधे लावले तर चोर पकड घेऊन येईल, म्हणून मी त्यांची डोकी पाचकोनी करणार. बाजारातले सगळे पाने सहा कोनांचे. ते पाचकोनी डोक्यावर नुसते गरगर फिरतात. माझा बोल्ट माझ्याच किल्लीने उघडणार, आणि ती मी कानस घेऊन स्वतः घासतो. तुम्ही चौकटीला लोंबकळलात तरी ती हलणार नाही, आणि तुमचं वजन काय कमी नाही.

बुटांच्या विक्रेत्याचं वाचून मीही हसलो, खोटं कशाला सांगू? पण भाऊजी, जरा जपून. एखादा पोलिसात गेला तर महागात पडेल.

महिनाअखेरीला चौकटी घेऊन येतो, दोन दिवस राहतो. ताईला म्हणावं, बाथरूममध्ये चप्पल घालत जा.

तुमचा,
ठोक्या


११ मार्च
हॉटेल

मेहुणेबुवा,

तुझ्या चौकटी बघून गिऱ्हाइकं विचारतात, हा टीव्ही आहे की कैदी? मीही ऐटीत सांगत होतो, आमच्या मेहुण्याची करणी आहे.

आता ऐक. परवा अकरा नंबरचा टीव्ही गेला. चौकट जागच्या जागी. ओरखडा नाही, ठोका नाही. चारही बोल्ट बशीत नीट एका रांगेत ठेवलेले. म्हणजे उघडला, तोही किल्लीने. माझी किल्ली माझ्या कमरेला. झोपतानाही काढत नाही.

मग मी डोकं चालवलं. मी अंघोळीला जातो तेव्हा किल्ली खुंटीवर असते, आणि अंघोळीचं पाणी कोण ठेवतं? पोपट. साबणावर छाप घेतला असणार. बोलावला. विचारलं. नाही म्हणाला. अकरा नंबरच्याच दाराच्या फटीत, बिजागरीकडे त्याचा उजवा हात घातला आणि पुन्हा विचारलं. नाही म्हणाला, दार लोटलं. असं तीनदा. तिसऱ्यांदा हाडाचा आवाज मला स्वतःला ऐकू आला आणि पोपटराव खाली बसले. शीळ बंद. तीन बोटं गेली असं डॉक्टर म्हणतो. बायको-पोरं आहेत म्हणून हाकललं नाही, डाव्या हाताने झाडतोय. कबूल मात्र अजून केलेलं नाही, दुसरा हात शिल्लक आहे.

तुझी ताई पुन्हा मध्ये पडली. तिला सवयच आहे. दार लोटताना कोपर लागलं तिला.

मला एवढंच कळव: साबणावरून तुझी किल्ली बनते का? बनत असेल तर याचं दुसऱ्या हाताचं बघतो.

भाऊजी


१६ मार्च
वर्कशॉप

भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ द्या. पोपटची बोटं तुम्ही फुकट मोडलीत.

साबणावरून माझी किल्ली बनत नाही. ती बाहेरून सरळ नळी दिसते, पण आतून तोंडाशी रुंद आणि पुढे निमुळती आहे. साबणावर नुसतं तोंड उमटेल. त्यावरून केलेली किल्ली बोल्टवर बसेल, पण पकडणार नाही. ही युक्ती माझी स्वतःची आहे, हिच्यासाठी मी आठवडा घालवलाय. त्यामुळे त्या गरीब माणसाच्या दुसऱ्या हाताला हात लावू नका. तुम्हाला माझी शपथ आहे.

आता किल्ल्यांचं. जगात तीनच आहेत. एक तुमच्या कमरेला. एक माझ्या खणात, आत्ता उठून बघून आलो, जागेवर आहे. आणि तिसरी मी निघताना ताईला दिली. तुम्हाला सांगायचं राहिलं. ती माझी नेहमीची पद्धत आहे: एक किल्ली मालकाला, एक माझ्याकडे आणि एक घरात जे माणूस वस्तू हरवत नाही त्याला. तुम्ही चष्मा कपाळावर ठेवून शोधता, म्हणून ताईला दिली. शिवणाच्या डब्यात ठेव म्हटलं होतं. तेव्हा आधी तो डबा बघा. किल्ली तिथे नसेल तर कोणीतरी तिथून उचलली असणार, आणि तो पोपट नव्हे. तो न्हाणीघरापलीकडे कधी तुमच्या घरात शिरत नाही.

पोपटच्या औषधाचा खर्च तुम्ही करा. नाहीतर मी करतो.

ठोक्या


१६ मार्च
(लाँड्रीवाल्या बाईच्या घरून)

ठोक्या,

हे पत्र फाडून टाक. उत्तर द्यायचं तर लाँड्रीवालीच्या पत्त्यावर दे, पाकिटावर मागे लिहिलाय. हॉटेलचा टपालवाला सगळं काउंटरवर देतो.

टीव्ही मी नेते. पहिल्यापासून मीच. मळक्या चादरींची ट्रॉली सकाळी मागच्या दाराने लाँड्रीच्या गाडीत जाते. खाली टीव्ही, वर चादरी. मळक्या चादरीत हात घालून बघणारा अजून जन्माला यायचाय. लाँड्रीवाली तो दुसऱ्या गावात विकते आणि पैसे स्वतःजवळ ठेवते. माझ्या हातात इथे कधी नोट नसते. सुई-दोरासुद्धा काउंटरवर मागावा लागतो. एका खोलीचं आगाऊ भाडं जमत आलं होतं. तुझ्या चौकटीमुळे आता सगळं संपलं असं वाटलं, आणि जाताना तूच माझ्या हातात किल्ली ठेवलीस. मला हसू फुटलं होतं, तुला वाटलं मी खूश झाले.

तुझ्याकडे का आले नाही, असं विचारशील. चौकटींच्या आधीच्या खेपेला आलास तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता. तू विचारलंस, जिन्यावरून पडलीस का? आणि मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, थांब, त्या जिन्याला कठडा करून देतो. दुसऱ्या दिवशी करूनही दिलास. खूप छान केलास. मी काय बोलणार?

आता ऐक, कारण पुन्हा लिहायला जमेल असं वाटत नाही. तो हात त्याने पोळी लाटायच्या लाटण्याने मोडला. टाके पडलेला ओठ त्या विक्रेत्यामुळे; मी त्याचं रक्त पुसायला ओला टॉवेल दिला म्हणून. डाव्या कानाने मला वर्षभर ऐकू येत नाही. गिऱ्हाइकांसमोर मारत नाही, खोल्या रिकाम्या असतात तेव्हा मारतो. नऊ नंबरमध्ये नेऊन टीव्ही मोठा लावतो आणि मारतो. मी नऊ नंबरचाच टीव्ही नेला तो का, हे आता तुला कळेल.

हे सगळं मी गिळलं असतं. पोपटचं गिळता येत नाही. माझ्यामुळे त्याचा हात गेला आणि मी तिथे उभी होते. ओरडले, मध्ये पडले, पण 'मी नेला' हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मला माझ्या हाडांची भीती वाटली, त्याच्या हाडांपेक्षा जास्त. तो रोज डाव्या हाताने केर काढतो आणि मला 'वहिनी' म्हणतो.

पुढच्या सोमवारी मी निघणार. तोवर एकच कर: तिसऱ्या किल्लीचं नाव काढू नकोस. त्याला वाटतं, दोनच आहेत. तिसरी आहे हे त्याला कळलं तर मला सोमवार दिसायचा नाही.

ताई


१८ मार्च
बस स्टँड

ताई,

हे लिहितोय कारण बसला अजून वेळ आहे आणि हात स्वस्थ बसत नाहीत. टपालाची गाडी बसच्या आधी सुटते. म्हणून लाँड्रीवाल्या बाईंच्या नावाने पाठवतोय. पत्र आणि मी, जो आधी पोचेल तो.

बाई, हे वाचाल तेव्हा ताबडतोब हॉटेलवर जा. चादरींचं निमित्त करा, काहीही करा, ताईला घेऊन या.

ताई, मी सांगून बसलो. तुझं पत्र निघालं त्याच दिवशी माझं त्यांना गेलं. तिसरी किल्ली तुझ्याकडे आहे, शिवणाच्या डब्यात आहे, सगळं लिहिलं. पोपटला वाचवायला लिहिलं. डबा बघा, असंही मीच लिहिलं.

तुझं पत्र मिळाल्यावर समोरच्या दुकानातून फोन केला. भाऊजींनी उचलला. आवाज ओळखला त्यांनी. म्हणाले, "अरे वा, मेहुणेबुवा, तुझंच पत्र वाचतोय. अक्षर सुधारलंय तुझं." मी म्हटलं, ताईला द्या. म्हणाले, "ती शिवण काढून बसलीय, मी तिच्याकडेच निघालोय." आणि ठेवला. पुन्हा लावला तर नुसती घंटी वाजत राहिली.

मी पिशवीत हातोडा टाकलाय. कशाला टाकलाय ते माझं मलाच ठाऊक नाही. कठड्याचं आठवतं आणि डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

बस लागली.

ठोक्या


३० मार्च
इस्पितळ, वॉर्ड नंबर दोन

मेहुणेबुवा,

बोलता येत नाही, जबड्याला तारा आहेत. नळीने पितो. उजवा हात शाबूत आहे म्हणून लिहितोय.

तू आलास आणि मला न भेटता गेलास. बहिणीला घेऊन गेलास. सख्खा मेहुणा असा वागतो? माझी बाजू ऐकून तरी घ्यायचीस.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, अगदी शांतपणे. शिवणाचा डबा उघडला, किल्ली रिळांच्या खाली होती. म्हटलं चल, मला बघायचंय कशी उघडतेस. केसाला धरून वर नेलं हे खरं आहे, नाही म्हणत नाही. तुझा कठडा मजबूत आहे, तिने धरून ठेवला होता. एकेक बोट सोडवावं लागलं.

नऊ नंबरमध्ये नवा टीव्ही लावला होता. तिला स्टुलावर उभी केली आणि पट्टा काढला. म्हटलं, एका बोल्टला एक फटका, म्हणजे हिशेब सोपा. पहिल्या बोल्टला ओरडली. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही. तुझा माल चांगला आहे, किल्ली लागली की लोण्यासारखा सुटतो. चौथा बोल्ट तिच्या हातातून खाली पडला. मी उचलायला वाकलो. मान वर केली तर टीव्ही माझ्याकडे येत होता.

निसटला नाही रे. तिने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून मारला. मी तिचे डोळे बघितलेत. जबडा दोन जागी मोडला, खांद्याचं हाड गेलं, काच गालातून आरपार. आणि वर काय केलं, मी खाली पडलेलो असताना वाकून माझ्या कमरेची किल्ली काढली. सावकाश. जणू दोरीवरचे कपडे काढतेय. तेच जास्त लागलं.

आता मुद्द्याचं. मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. डॉक्टर, वॉर्डबॉय, समोरचा लॉजवाला, सगळ्यांना हेच सांगितलंय की जिन्यावरून पडलो. बायकोने मारलं असं सांगू का? लोक तोंडात शेण घालतील. पण तू तिला आठवड्यात परत आणून सोडली नाहीस तर लाज बाजूला ठेवून चोरीची तक्रार देईन. चार टीव्ही आणि जीवघेणा हल्ला. आत जाईल ती. तू किल्ली पुरवलीस, तूही जाशील.

दोन्ही किल्ल्या तिच्याबरोबर पाठव. चौकटी बंद पडल्यात.

भाऊजी


४ एप्रिल
वर्कशॉप

भाऊजी,

ही शेवटची हाक समजा. पुढच्या पत्राला मायना नसेल.

मी तुम्हाला भेटायला आलो होतो. वॉर्डाच्या दारापर्यंत आलो, पिशवीत हातोडा होता. तुम्ही झोपला होतात, तोंडातून लाळ गळत होती. ताईची पाठ मी त्याच्या आदल्या तासाला बघितली होती. लाँड्रीवाल्या बाई तिच्या अंगाला चिकटलेला ब्लाउज कोमट पाण्याने भिजवून सोडवत होत्या. मी दारात किती वेळ उभा होतो ते विचारू नका. तुमच्या पायाशी नर्स आली म्हणून तुम्ही वाचलात, आणि मीही वाचलो.

ती बाहेर कशी पडली, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही ना? तुमचे टीव्ही पडायचे तशीच. मळक्या चादरींच्या ट्रॉलीत, चादरींच्या खाली. काउंटरच्या समोरून गेली. ट्रॉली पोपटने ढकलली, एका हाताने. ताईने त्याला तिथेच, जिन्याखाली सांगितलं की टीव्ही मी नेले आणि तुझा हात माझ्यामुळे गेला. त्याने चादर तिच्या डोक्यावरून ओढली आणि ढकलायला लागला. तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. वहिनी म्हणणंही सोडलंय. ताई म्हणते, बरोबरच आहे त्याचं.

तक्रारीची धमकी देऊ नका, तिचा उपयोग संपलाय. काल आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो होतो. आधी ताईने तिचं सांगितलं, चार टीव्ही, कुठल्या खोलीतून, कसे नेले, काही लपवलं नाही. पोपटची ती एकच अट होती: त्याच्यावरचा चोरीचा डाग आधी पुसायचा. जी काय शिक्षा होईल ती ती भोगेल, तिने तसं माझ्यासमोर लिहून दिलंय. मग पोपटने हात दाखवला. मग ताईने पाठ दाखवली, बाईपोलिसाला, आतल्या खोलीत. बाईपोलीस बाहेर आली तेव्हा तिने पेन दोनदा खाली पाडलं. मी तुमची पत्रं दिली, तिन्ही. बुटांच्या विक्रेत्याचे दात, दाराची फट, पट्टा आणि बोल्टचा हिशेब, सगळं तुमच्या स्वतःच्या अक्षरात आहे. मी कधीकाळी त्यातल्या एका पत्रावर हसलो होतो. तेही सांगितलं.

ते इस्पितळात येतील. त्यांनाही जिन्यावरून पडलो म्हणून सांगा, बघा पटतंय का. त्या जिन्याला कठडा मी केलाय. त्यावरून पडायला माणसाला फार कष्ट घ्यावे लागतील.

किल्ल्या मिळणार नाहीत. ताई इथे वर्कशॉपच्या माडीवर राहते. पहिल्या दिवशी तिने खोली बघितली, खिडकी उघडून बंद केली, आणि विचारलं, दाराला आतून काय आहे? साधी कडी होती. मी खाली आलो, भट्टी पेटवली आणि दोन पाचकोनी बोल्ट केले, डोकी तुमच्या चौकटीच्याच मापाची, दांडे जाड. दाराला आतून आडवी लोखंडी पट्टी आणि तिला ते दोन बोल्ट. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, एक मालकाला, एक मला, एक घरातल्या माणसाला. या वेळी ती मोडली. खणातली माझी किल्ली मी तिला देऊन टाकली. तिसरी तिची होतीच, आणि तुमच्या कमरेची तिने आणलेली.

तिन्ही तिच्याकडे आहेत. सकाळी चहा घेऊन जातो तेव्हा मला दार वाजवावं लागतं. ती आतून विचारते, कोण? मी नाव सांगतो आणि उभा राहतो. ती उघडेल तेव्हा उघडेल.

ठोक्या